नवा थर्मोस्टॅट बसवल्यावर फर्नेस मध्येच बंद पडते: दोष भिंतीवर शोधायचा की बेसमेंटमध्ये?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. न्यू जर्सीत घर घेतलंत, बेसमेंटमध्ये गॅसची फर्नेस (हवा तापवून घरभर सोडणारी भट्टी) आहे आणि बाहेर एसीचं युनिट. जुना साधा थर्मोस्टॅट काढून तुम्ही स्वतः वायफायचा नवा बसवलात. भिंतीतून चार वायरी आलेल्या होत्या, लाल, पांढरी, पिवळी आणि हिरवी. त्या जशा होत्या तशाच नव्यावर लावल्या. दोन दिवस सगळं सुरळीत चाललं. मग रात्री स्क्रीन काळा पडायला लागला आणि ७० वर लावूनही सकाळी घर ६१ अंश फॅरनहाइटवर आलेलं. कधी नुसता टिक आवाज येतो आणि खाली काहीच हलत नाही, कधी फर्नेस सुरू होते आणि दोन-तीन मिनिटांत बंद पडते. साताऱ्याहून आई-बाबा आलेत, ते घरात स्वेटर आणि शाल घालून बसतात. पीस खराब निघाला का, परत करू का, असं तुम्ही विचारलंय.

परत करायची घाई करू नका. मी इथे हीटिंग-कूलिंगचंच काम करतो आणि हिवाळ्यात अशा तक्रारीसाठी बोलावणं आलं की थर्मोस्टॅट खरोखर बिघडलेला क्वचितच सापडतो. तुमच्याकडे खरं तर दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. स्क्रीन काळा पडणं ही एक, आणि फर्नेस मध्येच थांबणं ही दुसरी. दुसरी पहिलीमुळे होत असेल किंवा पूर्णपणे वेगळ्या कारणाने. ते आधी सोडवायचं, नवं सामान नंतर.

सगळ्यात आधी आजच्या रात्रीचं बघू. जुना थर्मोस्टॅट टाकून दिला नसेल तर तो परत लावा. वायरी त्याच, जागा त्याच. घरात म्हातारी माणसं असताना आणि बाहेर पाणी गोठत असताना प्रयोग रात्री करायचे नाहीत. शिवाय जुना थर्मोस्टॅट हा तुमच्या हातातला सगळ्यात चांगला टेस्टर आहे. त्याच्यावर फर्नेस रात्रभर नीट चालली, तर फर्नेस, केबल आणि खालचा बोर्ड (फर्नेसमधला तिचं काम चालवणारा सर्किट बोर्ड) हे तिन्ही बहुधा ठीक आहेत असं समजायचं. त्याच्यावरही ती दोन-तीन मिनिटांत बंद पडली, तर नव्या थर्मोस्टॅटचा काही दोष नाही, बिघाड खाली आहे आणि तो योगायोगाने याच आठवड्यात वर आलाय. जुन्यात काचेच्या छोट्या कुपीत चांदीसारखा थेंब हलताना दिसत असेल तर तो पारा आहे. तसा थर्मोस्टॅट कचऱ्यात टाकू नका, घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या.

आता यामागचं कारण. थर्मोस्टॅट स्वतः काही तापवत नाही. तो दिव्याच्या बटणासारखा आहे, एवढंच की बोटाऐवजी खोलीचं तापमान ते बटण दाबतं. फर्नेसमध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो घरातल्या १२० व्होल्टचे २४ व्होल्ट करतो. हे २४ व्होल्ट लाल वायरीने, म्हणजे आर टर्मिनलवरून (टर्मिनल म्हणजे वायर अडकवायची जागा), भिंतीपर्यंत येतात. गरम हवा हवी असली की थर्मोस्टॅट आर आणि डब्ल्यू आतल्या आत जोडतो, पांढऱ्या वायरीने करंट खाली बोर्डाकडे जातो आणि बोर्ड पुढची सगळी कामं करतो. पिवळी वायर वाय वर, म्हणजे बाहेरचा कॉम्प्रेसर; हिरवी जी वर, म्हणजे पंखा. रंगांचा हा ठरलेला रिवाज आहे, पण तो कायदा नाही. वायर कुठल्या रंगाची आहे यापेक्षा ती खाली कुठल्या स्क्रूखाली अडकवली आहे ते खरं.

जुना थर्मोस्टॅट दोन डबल-ए बॅटऱ्यांवर चालत असणार, म्हणून त्याला चार वायरी पुरल्या. नव्याला वायफाय आणि उजळ स्क्रीन सांभाळायचा आहे, त्याला सतत वीज लागते. वीज येण्यासाठी एक वायर लागते आणि परत जाण्यासाठी दुसरी. ती परतीची वायर म्हणजे सी, आणि तीच तुमच्याकडे नाही. सी नसली की असे थर्मोस्टॅट डब्ल्यू किंवा वायच्या सर्किटमधून थोडाथोडा करंट उचलून आपली आतली बॅटरी भरतात. कुठल्या सर्किटमधून आणि किती, ते मॉडेलवर अवलंबून आहे. अडचण अशी की हीटिंग चालू असताना आर आणि डब्ल्यू जोडलेले असतात, म्हणजे त्या दोघांमध्ये व्होल्टेज जवळजवळ उरतच नाही. फर्नेस जितकी जास्त वेळ चालेल तितकी बॅटरी भरायला कमी संधी. पहिले दोन दिवस ठीक गेले कारण बॅटरी भरलेली आली होती. थंडीच्या रात्री फर्नेस तासन्‌तास चालते, म्हणून स्क्रीन रात्रीच काळा पडतो. सेटिंगमध्ये बॅटरीचं व्होल्टेज दाखवणारं मॉडेल असेल तर संध्याकाळी आणि सकाळी आकडा बघून ठेवा. तो उतरत असेल तर माझा अंदाज बरोबर आहे. टिक आवाजावर मात्र विसंबू नका. काही मॉडेल्समध्ये तो आवाज स्पीकरमधून येतो, त्यामुळे आवाज आला म्हणजे आत सर्किट जोडलं गेलंच असं नाही.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी तपासा, कारण त्या असतील तर इथून पुढचं तुम्हाला लागू नाही. भिंतीतल्या वायरी बारीक नसून जाड असतील आणि टोप्या पिळून जोडलेल्या असतील, तर ते इलेक्ट्रिक बेसबोर्ड हीटरचं १२० किंवा २४० व्होल्टचं काम आहे. तिथे हात लावू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा. आणि बाहेरचं युनिट हिवाळ्यातही फिरत असेल तर तुमच्याकडे हीट पंप आहे, म्हणजे तेच युनिट बाहेरची उष्णता आत आणून घर तापवतं. त्याची वायरिंग वेगळी असते, ओ/बी नावाचं टर्मिनल असतं आणि सेटिंग चुकलं तर गरमऐवजी थंड हवा येते. बहुतेक कंपन्या कूलिंगच्या वेळी ते टर्मिनल चालू ठेवतात, रीम आणि रूड हीटिंगच्या वेळी. तुमच्या वर्णनावरून तुमचं साधं गॅस फर्नेसचंच आहे, म्हणून त्याच वाटेने पुढे जातो.

जुना थर्मोस्टॅट हाताशी नसेल तर त्याचं काम लाल आणि पांढरी वायर थेट जोडूनही होतं. आधी फर्नेसची वीज बंद करा. स्विच फर्नेसवर किंवा जवळच्या भिंतीवर असतो, आणि इथल्या बऱ्याच घरांत बेसमेंटच्या जिन्याच्या वरच्या टोकाला लाल प्लेटचा स्विच असतो, तो हाच. मग थर्मोस्टॅटची चकती पट्टीवरून ओढून काढा, लाल आणि पांढऱ्या वायरी पट्टीतून मोकळ्या करा, दोघींची उघडी टोकं एकमेकींना पिळा आणि वीज चालू करा. पिवळी आणि हिरवी कशालाही चिकटणार नाहीत अशा ठेवा. आता थर्मोस्टॅट अजिबात नाही, बटण सतत दाबलेलं आहे. फर्नेसने मिनिटभरात सुरू होऊन चालत राहिलं पाहिजे. पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, तिथेच उभे राहा. हे चालू ठेवून झोपायला किंवा बाहेर जायचं नाही, कारण खोली कितीही तापली तरी आता फर्नेसला थांबवायला कुणी नाही.

फर्नेस न थांबता चालली, तर वरचं सी वायरचं निदान पक्कं. थांबली, तर खाली बघायचं. मल्टीमीटर असेल तर एसी (म्हणजे इथे ऑल्टरनेटिंग करंट) व्होल्टवर ठेवून बोर्डवर आर आणि सी मध्ये मोजा. २४ ते २८ च्या दरम्यान यायला हवेत. शून्य आले तर दोष ट्रान्सफॉर्मर, फ्यूज किंवा दारामागच्या स्विचचा, पण दार उघडं असलं की तो स्विच वीज तोडतोच, हे लक्षात ठेवा.

पहिली शक्यता धरून चालू. सी वायर आणायची कुठून? आधी भिंतीतल्या भोकात बघा. तपकिरी किंवा पांढऱ्या सालीच्या केबलमधून चार वायरी बाहेर आल्या आहेत, पण बऱ्याचदा केबल पाच वायरींची असते आणि बसवणाऱ्याने पाचवी, बहुधा निळी, सालीवर मागे गुंडाळून आत ढकललेली असते. टॉर्च लावून केबल हळूच बोटभर पुढे ओढा. निळी दिसली तर तुमचा खर्च वाचला. तीच निळी बेसमेंटमध्ये फर्नेसच्या खालच्या कप्प्यातही तशीच गुंडाळलेली सापडेल. वीज बंद करून दोन्हीकडची टोकं सोला, वर सी मध्ये, खाली बोर्डवर सी किंवा सीओएम लिहिलेल्या स्क्रूखाली.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण याच ठिकाणी लोकांचा घोटाळा होतो. बोर्डच्या सी स्क्रूखाली आधीच एक वायर असेल. ती काढू नका. बाहेरच्या एसी युनिटकडून दोन वायरींची एक वेगळी केबल येते, ती वाय आणि सी ला जोडलेली असते. त्या केबलमधल्या दोन वायरी अनेकदा लाल आणि पांढऱ्याच असतात. म्हणजे बोर्डवर तुम्हाला दोन लाल वायरी दिसतील, एक आर वर आणि दुसरी वाय किंवा सी वर. सगळ्या लाल एकत्र करायच्या म्हणून कुणी ती उचलून आर वर नेली की आर आणि सी बाहेरच्या युनिटमार्फत भलतीकडे जोडले जातात आणि मग कूलिंगही बिघडतं. तुमची निळी फक्त त्या सी स्क्रूखाली जास्तीची म्हणून बसवा, बाकी कशाला हात लावू नका. आधी बोर्डचा जवळून फोटो काढून ठेवा.

वीज चालू ठेवून हे काम कधीच करू नका. २४ व्होल्टचा झटका जाणवणार नाही हे खरं, पण आर चा सी ला नुसता स्पर्श झाला तरी बोर्डवरचा फ्यूज उडतो. गाडीत असतो तसलाच पातीचा फ्यूज असतो तो, जांभळा ३ अँपिअरचा आणि फिकट तपकिरी ५ चा. जेवढ्याचा आहे तेवढ्याचाच घाला, गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळतो. जुन्या फर्नेसमध्ये फ्यूज नसतोच, तिथे थेट ट्रान्सफॉर्मर जळतो आणि काम वाढतं.

आणि काम झाल्यावर फर्नेसचं दार नीट बसवा. दारामागे एक स्विच असतो, दाराने तो पूर्ण दाबला नाही तर फर्नेसला वीजच मिळत नाही. घरमालकाने सगळी वायरिंग बिनचूक केलेली असते आणि दार खालच्या खाचेत बसलेलं नसल्याने सगळं मृत असतं, हे मी वारंवार बघतो. सी शोधायला तुम्ही दार उघडलं असेल तर तिथूनच तपासणी सुरू करा.

पाचवी वायर नसेलच तर मार्ग तीन-चार आहेत. मला सगळ्यात पटणारा मार्ग म्हणजे १८ गेज जाडीची, पाच किंवा आठ वायरींची नवीन केबल ओढून घेणं. बेसमेंटची छत उघडी असेल आणि थर्मोस्टॅट बरोबर वरच्या मजल्यावर असेल तर हे अवघड नाही. जुनी केबल आत क्लिपांनी ठोकलेली असेल तर ती ओढून नवी आत नेता येत नाही, मग भिंत फोडण्यापेक्षा दुसरा उपाय बरा. काही थर्मोस्टॅटबरोबर किंवा वेगळा विकत एक छोटा अडॅप्टर मिळतो, तो फर्नेसच्या बोर्डजवळ बसतो आणि चार वायरींतच पाचवीचं काम भागवतो. तो तुमच्याच मॉडेलसाठी असावा लागतो. भिंतीच्या प्लगला लावायचा वेगळा ट्रान्सफॉर्मरही मिळतो. मला तो फारसा आवडत नाही, वायर भिंतीवरून लोंबते आणि दोन ट्रान्सफॉर्मरांची सरमिसळ झाली तर नवीन दुखणं. घेतलाच तर कंपनीच्या आकृतीप्रमाणे तंतोतंत लावा.

हिरव्या वायरीला सी करणं हा बिनखर्चाचा मार्ग. वर हिरवी जी मधून काढून सी मध्ये, खालीही जी मधून काढून सी मध्ये. हीटिंगला फरक पडत नाही, गॅस फर्नेसचा पंखा बोर्ड स्वतःच चालवतो. पण कूलिंगच्या वेळी पंख्याला जी वरून हुकूम लागतो, म्हणून बोर्डवर वाय आणि जी मध्ये छोटा तुकडा जोडावा लागतो. ते आत्ता जानेवारीत लक्षात येत नाही, जूनमध्ये एसी लावल्यावर येतं: बाहेरचं युनिट फिरतंय, आत पंखा बंद आणि हवा थंड करणाऱ्या आतल्या कॉइलवर बर्फ. त्यामुळे तो तुकडा त्याच दिवशी जोडा. नुसता पंखा फिरवायची सोय मात्र जाते.

आता दुसरी शक्यता, लाल-पांढरी जोडूनही फर्नेस थांबते. खालच्या दाराला एक बारीक गोल काच असते, तिच्यातून बोर्डवरचा लुकलुकणारा दिवा दिसतो. तो किती वेळा लुकलुकतो आणि मग थांबतो ते मोजा. त्या आकड्याचा अर्थ दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर असतो. वीज बंद करण्याआधी मोजा, कारण बऱ्याच बोर्डांवर वीज गेली की तो कोड पुसला जातो.

फर्नेस कशी थांबते हेही खूप सांगून जातं. सुरू होताना आधी छोटा पंखा घुरघुरतो, मग गॅस पेटवणारा इग्नायटर लालबुंद होतो, गॅस सुटतो, ज्योत पेटते आणि थोड्या वेळाने मोठा पंखा सुरू होतो. ज्योत पेटून काही सेकंदांतच विझत असेल आणि फर्नेस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असेल, तर ज्योत ओळखणारी दांडी मळली असण्याची शक्यता मोठी. दोन-तीन मिनिटं छान जळून ज्योत विझते पण मोठा पंखा फिरतच राहतो आणि दिवा कोड दाखवतो, तर फर्नेस आत जास्त तापून लिमिट स्विच (जास्त तापलं की ज्योत बंद करणारा सुरक्षेचा स्विच) पडतोय. याचं कारण बहुतेक वेळा हवा अडणं. फिल्टर चोंदलाय का बघा. जुन्या डक्टला (हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांना) एक इंच जाडीचा फार दाट फिल्टर लावला असेल तरीही हेच होतं. आणि पाहुणे आले की जमिनीवरच्या झरोक्यांवर बॅगा, गाद्या, सतरंज्या येतात, तेही उचलून बघा. याउलट ज्योत विझली, पंखा एक-दोन मिनिटांनी आपोआप शांत झाला आणि दिव्यावर कुठलाच कोड नाही, तर फर्नेसला वाटलं की वरून निरोपच थांबला. थर्मोस्टॅट जोडलेला असताना असं होत असेल तर बॅटरी संपून तो मध्येच मान टाकतोय. लाल-पांढरी थेट जोडलेली असतानाही असंच झालं तर केबलमध्ये किंवा स्क्रूखाली लूज कनेक्शन.

फर्नेसमधून पांढरे प्लास्टिकचे पाइप बाहेर जात असतील तर ती जास्त कार्यक्षमतेची आहे, तिच्यात हिवाळ्यातही पाणी जमतं. ते वाहून जायची नळी तुंबली किंवा बाहेरचं पाइपचं तोंड बर्फाने बुजलं की ती बंद पडते. हिमवृष्टीनंतर तक्रार सुरू झाली असेल तर आधी बाहेर जाऊन पाइपचं तोंड मोकळं करा.

गॅसच्या व्हॉल्व्हला, बर्नरला हात लावायचा नाही. गॅसचा वास आला किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर स्विचही न दाबता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून ९११ ला फोन करा. झोपायच्या खोल्यांजवळ अलार्म आहे ना आणि त्याची बॅटरी चालू आहे ना, हे आजच बघा.

वीज आणि फर्नेस दोन्ही ठीक निघाले आणि तरी आई-बाबांना थंडी वाजत असेल, तर सेटिंगमध्ये जा. घरात कुणी नाही असं समजून तापमान उतरवण्याची सोय या थर्मोस्टॅटमध्ये असते आणि घरात कोण आहे हे तो बऱ्याचदा ॲपमधल्या फोनवरून ठरवतो. तुम्ही दोघं ऑफिसला गेलात की त्याच्या लेखी घर रिकामं. आई-बाबांचे फोन त्यात नाहीत. ते पाहुणे असेपर्यंत ही सोय बंद ठेवा आणि वेळापत्रक काढून सरळ एक तापमान धरून ठेवा. थर्मोस्टॅटच्या मागचं भिंतीतलं भोकही पुट्टीने बुजवा, आतल्या पोकळीतली हवा सेन्सरवर येऊन आकडा चुकतो.

आणि हे सगळं मार्गी लागेपर्यंत नव्या थर्मोस्टॅटच्या भरवशावर घर बंद करून कुठे दोन दिवस जाऊ नका. फर्नेस बंद राहिली तर बाहेरच्या भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटतात, आणि ती दुरुस्ती थर्मोस्टॅटच्या कैक पट महाग असते.

मला कळवा: जुना लावल्यावर रात्र कशी गेली, भिंतीत निळी वायर सापडली का, आणि फर्नेस थांबते तेव्हा दिवा किती वेळा लुकलुकतो. बोर्डचा फोटो पाठवाल तेव्हा स्क्रूंशेजारची अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून काढा, म्हणजे कुठली वायर कुठे न्यायची ते मला नेमकं सांगता येईल.